बटण चालतंय तोवर

लुईस्टन, मेन
रविवार, ७ फेब्रुवारी १९८८

प्रिय रेआल,

कसा आहेस? मी बरी आहे. पत्र माझं आहे, लॉरेट आत्याचं नाही, तेव्हा न वाचता फेकू नकोस. फोन करणार होते, पण फोनवर माझं काय होतं तुला माहीत आहे. तू ‘हॅलो, हॅलो’ करत राहतोस आणि मी नुसता श्वास ऐकवते.

इथे थंडी जोरात आहे. आम्ही आता तळमजल्यावर राहतो. खालच्या बोल्दुकबाई वर आपल्या जुन्या घरात गेल्या आणि आम्ही त्यांच्या जागेत आलो. त्यांना उजेड हवा होता म्हणून अदलाबदल केली. आत्या दर शनिवारी येते, बीन्स ओव्हनमध्ये टाकते आणि दिवसभर आम्हाला शिव्या घालते. पापा बरे आहेत.

मी शाळा सोडली हे आत्याने तुला कळवलं असेलच. ती सगळ्यांना कळवतेय. ‘पोरगी शाळा सोडून टाइपरायटर पुसते.’ पुसत नाही मी, दुरुस्त करते. लिस्बन स्ट्रीटवर बर्ट तार्दिफचं दुकान आठवतं ना, खिडकीत जुनी गल्लामशीनं ठेवलेली असायची? तिथे. बर्टला टाइपरायटर हातात घेतल्याबरोबर कळतं काय झालंय ते, पण कॉम्प्युटर आला की तो दोन पावलं मागे सरकतो. म्हणून कॉम्प्युटर माझ्याकडे. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही. गिऱ्हाईक आलं की बर्ट बोलतो, मी मागच्या खोलीत. वर्गात उभं राहून वाचून दाखवण्यापेक्षा हे हजारपट बरं.

तुला माहीत आहे का, कॉम्प्युटरला मध्येच कसं थांबवतात? मला हे फार आवडतं म्हणून सांगते. मशीन आपलं एक काम करत असतं. तू बटण दाबलंस की त्याच्या खांद्यावर टकटक होते. याला इंटरप्ट म्हणतात. मग मशीन हातातलं काम आहे तिथे सोडतं, कुठे होतो ते लिहून ठेवतं आणि मेमरीच्या अगदी तळाशी जातं. तिथे एक तक्ता आहे. कीबोर्डने टकटक केली तर या पत्त्यावर जा, घड्याळाने केली तर त्या. त्या पत्त्यावर जो कुणी बसलाय तो काम करतो आणि मशीन परत आपल्या जागी येतं. आणि मजा म्हणजे तो तक्ता बदलता येतो! आधीच्याचा पत्ता पुसून तुझा लिहायचा. मग टकटक झाली की आधी तुझ्याकडे येणार. पण आमच्यात एक रीत आहे. आधीच्याचा पत्ता फेकायचा नाही, खिशात ठेवायचा. आपलं काम झालं की त्याला म्हणायचं, आता तू बघ. ही रीत पाळली नाही की कीबोर्ड मुका होतो.

मी असाच एक प्रोग्राम लिहिलाय. पापांसाठी.

बरं. आता लिहितेच. बोल्दुकबाईंना उजेड नको होता. पापांना जिना चढता येत नाही. हात जायला तू असतानाच सुरुवात झाली होती, बुटांच्या कारखान्यात चामडं कापताना सुरी सुटायची तेव्हा. पुढे पाय गेले. आवाज नाताळच्या आधी गेला. डोकं अगदी शाबूत आहे, सगळं ऐकतात, सगळं कळतं. हलतात ते डोळे आणि उजव्या पायाचा अंगठा.

ज्या माणसाने कुणाचं वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही, त्याला आता लोक प्रश्न विचारतात आणि तो पापणी मिटतो. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. ही पद्धत आत्याने काढली. आणि प्रश्न कोण विचारतं? आत्याच. ‘फर्नां, सूप देऊ ना?’ हो. ‘फर्नां, जपमाळेचा कार्यक्रम लावू ना?’ दोनदा मिटतात. ‘डोळ्यात काही गेलं का रे?’ म्हणते आणि रेडिओ लावते.

म्हणून मी गल्लामशीनच्या खणातलं छोटं बटण काढून त्यांच्या अंगठ्याखाली बसवलं आणि त्याच्या तारा दुकानातून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरच्या एका बिनकामाच्या बटणाला जोडल्या. पडद्याच्या वरच्या भागात अक्षरं मांडलेली असतात, त्यावरून एक उजेडाची पट्टी फिरत असते. हव्या त्या ओळीवर आली की अंगठा दाबायचा, मग अक्षरावर आली की पुन्हा दाबायचा. पट्टी घड्याळाच्या टकटकीवर पुढे सरकते, अंगठा कीबोर्डच्या टकटकीवर येतो. दोन्ही पत्ते मी घेतलेत, दोन्ही जुने खिशात आहेत. लिहिण्याच्या प्रोग्रामला वाटतं कुणीतरी साधं टाइप करतंय.

पापांनी लिहिलेलं पहिलं वाक्य: ‘लॉरेटला सांग सूपात मीठ नसतं.’

एकच अडचण आहे. थोडं लिहिलं तर चालतं. पापा लांब लिहायला गेले की मशीन गोठतं. पट्टी जागीच थांबते, काही दाबा, हलत नाही. बंद करून चालू करावं लागतं आणि लिहिलेलं सगळं जातं. मला कारण सापडत नाहीये आणि सापडायला हवं, कारण डॉक्टर हॅस्केल मार्चच्या मध्यावर विचारणार आहेत. छाती आता थकत चाललीय. गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावायचं की नाही, हे पापांनी ठरवायचं. आत्याने ठरवूनही टाकलं. जवळ बसून म्हणाली, ‘फर्नां, तुला जगायचंय ना?’ आता याला कोण दोनदा मिटेल? त्यांनी एकदा मिटली. आत्या डॉक्टरांना फोन करून मोकळी. त्या दिवशी पापांनी संध्याकाळपर्यंत डोळे उघडले नाहीत, झोपले नव्हते तरी.

त्यांना काय म्हणायचंय ते ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये मावत नाही. एवढं मला कळतंय.

तू काही करावंस म्हणून लिहीत नाहीये. बर्टने माझ्यासाठी खिमा भरून भाजलेली मीट-पाय आणलीय, ती गरम करते.

तुझी
ओदील


लुईस्टन
रविवार, २८ फेब्रुवारी

प्रिय रेआल,

तुझं कार्ड आलं. ‘म्हातारा कसा आहे?’ एवढंच. पुढे हार्टफर्डच्या पुलाचं चित्र. चित्र छान आहे.

म्हातारा तसाच आहे. परवा त्यांना एक शोध लागला. प्रिंटर छापत असतो तेव्हा मशीन त्यात गुंतलेलं असतं, आणि आलेली अक्षरं मेमरीत एका छोट्या रांगेत उभी राहतात. रांगेत जागा थोडीच आहे. भरली की मशीन ‘पीं’ करतं, म्हणजे बास, आता मावत नाही. पापांच्या लक्षात आलं की छपाई चालू असताना अंगठा दाबून धरला की एकच अक्षर सारखं जातं, रांग भरते आणि मशीन पींपीं करत सुटतं. आत्या जपमाळ म्हणत होती.

‘जय मारिये, कृपापूर्णे...’

पीं.

‘प्रभू तुझ्यासवे...’

पींपींपीं.

‘ओदील! ते बंद कर!’

‘मी नाही करत आत्या, पापा करतायत.’

‘फर्नां, लाज वाटत नाही? देवाचं नाव चाललंय!’

पापांच्या डोळ्यांत पाणी. हसण्याचं. आवाज गेल्यापासून या घरात त्यांना पहिल्यांदा कुणालातरी मध्येच तोडता आलं. आत्यालाही शेवटी हसू आलं, पण तिने ते रुमालात घेतलं.

आता गोठण्याचं सांगते, कारण ते सापडलं. चूक माझीच होती.

पापांचं लिहिणं वाया जाऊ नये म्हणून मी प्रोग्रामला सांगितलं होतं, मधूनमधून सगळं डिस्कवर लिहून ठेव. डिस्कचं काम डॉसकडे. डॉस म्हणजे मशीनचा कारभारी. आता कारभाऱ्याची गोष्ट अशी की तो आत्याच्या विणकामासारखा आहे. आत्या टाके मोजत असते. कुणी हाक मारली तर आकडा एका चिठ्ठीवर लिहून खिशात टाकते, उठते, परत येऊन चिठ्ठी बघते. पण चिठ्ठी एकच! ती उठलेली असताना आणखी कुणी दुसरं मोजायला लावलं, तर त्याच चिठ्ठीवर लिहिणार. पहिला आकडा गेला. मग ती परत येते आणि कुठल्यातरी भलत्याच टाक्यापासून सुरू करते. डॉसचं तेच. तो काहीतरी करत असताना घड्याळाची टकटक यायची, माझा प्रोग्राम मध्ये घुसायचा आणि ज्याला आत्ताच थांबवलंय त्यालाच म्हणायचा, जरा हे लिहून ठेव. तो बिचारा लिहायचा आणि मग आपली परतीची वाट विसरायचा. जितकं लांब लिहावं तितकी ही टक्कर होण्याची शक्यता जास्त. म्हणजे पापांचं लिहिणं वाचवायला जे मी घातलं होतं तेच ते बुडवत होतं.

हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. दुकानातल्या मोडेमवरून, म्हणजे फोनच्या तारेने, मी एका गप्पांच्या फळ्यावर विचारलं, जिथे लांबलांबचे लोक टाइप करून बोलतात. तिथे मी फार बोलते, तुला खरं वाटणार नाही. ओंटारियोहून एकाने लिहिलं, ‘डॉसच्या आत एक झेंडी आहे, एका बाइटची. तो कामात असला की वर असते. ती कुठे आहे ते सुरुवातीलाच त्याला विचारून ठेव. पुढे प्रत्येक टकटकीला आधी तिच्याकडे बघ. वर असेल तर तोंड मिटून परत जा, पुढच्या टकटकीला ये.’ मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? म्हणाला, ‘तुझ्यासारखाच गोठलो होतो, तेव्हा एकाने सांगितलं.’

घातलं. आता गोठत नाही. बर्टने दुकानात जाहीर केलं की त्याच्याकडे इंजिनियर आहे, आणि मी मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

झेंडीचं मला लगेच कळलं, कारण मी आयुष्यभर तेच करत आलेय. बोलायचं असलं की आधी समोरच्याची झेंडी बघते. वर असते. परत जाते. पुन्हा येते, तरी वरच. मग राहून जातं. पापांना झेंडी असते हेच माहीत नव्हतं.

तुला राग येईल, पण लिहिते. त्या बिंगोच्या दिवशी मी हॉलमध्ये मागे खुर्च्या लावत होते. आकडे पुकारायला पापांच्या हातात माइक, तू कार्डं विकतोयस, तुझं ठरलेलं लग्न नुकतंच मोडलेलं. ‘बी-एक! एकटाच, आमच्या रेआलसारखा! अंगठी परत आलीय, कुणाला हवी असेल तर दुसरं बक्षीस म्हणून ठेवू!’ सगळा हॉल हसला. तू कार्डं टेबलावर नीट रचून ठेवलीस आणि गेलास. पापा पुढचा आकडा बोलायला गेले आणि बोललेच नाहीत, हातातला आकड्याचा चेंडू नुसता धरून होते. ते तू बघितलं नाहीस, तू दारापर्यंत पोचला होतास. त्यांनी बरं केलं असं नाही म्हणत मी. मी बघितलं एवढंच सांगते.

मशीन शेवटचं गोठलं तेव्हा पापा तुझ्याबद्दल लिहीत होते. मी कपड्यांच्या घड्या करत होते, पडद्यावर तुझं नाव दिसलं आणि मी मुद्दाम मान वळवली, म्हटलं लिहू देत. बराच वेळ लिहीत होते. मग पट्टी थांबली. सगळं गेलं.

दुरुस्त झाल्यावर मी म्हटलं, ‘पापा, आता चालतंय. रेआलचं परत लिहिता?’

त्यांनी लिहिलं, ‘आता नाही.’

‘मग कधी?’

‘तू पोस्टमन आहेस का?’

तर असं.

पट्टीचा वेग मी जरा कमी केलाय. मशीनवर ताण नको म्हणून.

आत्या विचारते, तू नीट जेवतोस का. मी विचारते, तू मोजे धुतोस का.

तुझी
ओदील


लुईस्टन
रविवार, २० मार्च

प्रिय रेआल,

पट्टीचा वेग मशीनसाठी कमी केला नव्हता. मशीनला काय, ते उडत जाईल. अंगठा वेळेवर पोचत नव्हता. त्यानंतर मी आणखी एकदा कमी केला, आणि बटणातली स्प्रिंग काढून मऊ घातली. हे तुला मागच्याच पत्रात लिहायला हवं होतं. लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं, म्हणून नाही लिहिलं.

गुरुवारी हॉस्पिटलमध्ये बैठक झाली. बर्टने दुकान बंद ठेवलं आणि मशीन, पडदा, तारा सगळं आपल्या व्हॅनमधून आणलं. पापा व्हॅनमध्ये मागे, चाकाच्या खुर्चीत. बर्ट म्हणाला, ‘फर्नां, मी दुरुस्त केलेला टाइपरायटर पोचवायला नेतो तसा जपून नेतोय तुला.’ पापांनी डोळे फिरवले.

छोटी खोली होती. डॉक्टर हॅस्केल, आत्या, मी. बर्ट दाराशी उभा राहिला, तारेवर कुणाचा पाय पडू नये म्हणून. डॉक्टरबाई चांगल्या आहेत. त्यांनी पापांशीच बोलायला सुरुवात केली, पापांच्या डोक्यावरून आमच्याशी नाही. म्हणाल्या, ‘मिस्टर पोलकॅं, श्वासाचं मशीन लावलं तर तुम्ही बरीच वर्षं काढाल. नाही लावलं तर उन्हाळा बघणं अवघड आहे. घाई नाही. सांगा.’

पट्टी फिरायला लागली.

रेआल, तुला कल्पना नाही ते किती हळू असतं. एक अक्षर. मग पट्टी पुन्हा वरून. चुकलं तर पुसायला परत तेवढाच वेळ. आत्या प्रत्येक अक्षराला पुढचा शब्द ओळखत होती, मोठ्याने, टीव्हीवरच्या खेळासारखी. 

पडद्यावर आलं: ‘मशीन लावा.’

आत्या रडायलाच लागली. ‘बघा! मी म्हणाले नव्हते? देवा, तुझे उपकार!’ उठून पापांच्या गळ्यात पडली. डॉक्टरबाई हसल्या, पापांच्या हातावर हात ठेवला, फाइल मिटली आणि खुर्ची मागे सारली. म्हणाल्या, ‘मग महिनाअखेरीस करू.’ बर्ट डोळे पुसत होता.

आणि पट्टी फिरत होती. आत्याच्या पाठीमागून मला पडदा दिसत होता. पट्टी एका ओळीवर आली, अंगठा हलला, पण दाबलं गेलं नाही. पट्टी पुढे गेली. परत फिरून आली. पुन्हा अंगठा हलला. त्यांचं वाक्य संपलं नव्हतं आणि खोलीतली सगळी माणसं उठली होती.

मी वाट बघितली. कुणीतरी थांबेल म्हणून. आत्या बोलतेय, डॉक्टरबाई बोलतायत, बर्टही काहीतरी बोलतोय. सगळ्यांच्या झेंड्या वर. आणि डॉक्टरबाईंचा हात दाराच्या मुठीवर गेला.

‘थांबा!’ मी ओरडले. म्हणजे खरंच ओरडले, बाहेरून एक नर्स डोकावली. ‘त्यांचं संपलं नाहीये! बसा सगळे! आत्या, बाजूला हो, त्यांना दिसत नाहीये!’

आत्या म्हणाली, ‘अगं हो म्हणाला ना तो.’

‘हो म्हणाले, पण अजून बोलतायत. तू ऐकत नाहीयेस. कुणीच नाही ऐकत.’

माझे कान तापले होते. पण डॉक्टरबाई परत बसल्या. आत्या बसली. बर्टसुद्धा जमिनीवर बसला. मग कुणीही पुढचा शब्द ओळखला नाही. बाहेर जेवणाच्या गाड्या गेल्या आणि रिकाम्या होऊन परत आल्या.

‘पण बटण चालतंय तोवरच. मग काढा.’

आत्याने छातीवर क्रूस काढला.

डॉक्टरबाईंनी फाइल पुन्हा उघडली. हळू म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्हाला स्वतः लिहिता येतंय तोवर मशीन हवं. त्यानंतर नको. बरोबर समजले मी?’

एकदा पापणी.

‘अंगठा एका दिवसात जात नाही, मिस्टर पोलकॅं. आज दाबला जाईल, उद्या नाही, परवा पुन्हा जाईल. आता गेला, हे कोणी ठरवायचं? तेव्हा तुम्हाला सांगता येणार नाही.’

पट्टी.

‘ओदील ठरवेल. तिला कळतं.’

 डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या, मी जमिनीकडे. त्या म्हणाल्या की मी अजून अठराचीही नाही. माझं म्हणणं त्या ऐकतील, पण कागदावर घरातल्या मोठ्या माणसाची सही लागेल. आत्ता एक आणि मशीन काढायच्या वेळी एक.

आत्या म्हणाली, ‘माझ्याकडे बघू नका. मी भावाच्या मरणावर सही करणार नाही. फर्नां, वाटेल तेवढं पींपीं कर, मी नाही करणार.’

पापांनी लिहिलं, ‘लॉरेट नको. रडून कागद भिजवेल.’

बर्ट फसकन हसला आणि लगेच माफी मागितली. आत्या म्हणाली, ‘मेल्या, या वेळीसुद्धा!’ कुणाला म्हणाली कळलं नाही.

‘मग कोण?’ डॉक्टरबाईंनी विचारलं.

आता अंगठा दमला होता. मी जाऊन त्यांचा पाय हातात धरला, टाच जरा उचलून. असं केलं की जोर लागतो. दाबत तेच होते, मी नाही, हे मी डॉक्टरबाईंना सांगितलं आणि त्यांनी येऊन बघितलं.

तुझं नाव आलं. आत्या ‘अरे देवा’ म्हणाली, पण तेवढंच.

मग आलं: ‘रेआल करेल. तो माझ्यावर रागावलाय. बाकीच्यांच्याने होणार नाही.’

कुणीच हसलं नाही. मला वाटतं पापांना कुणीतरी हसेल असं वाटलं होतं. त्यांनी सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. मग पट्टी पुन्हा सुरू झाली आणि अगदी शेवटी त्यांनी लिहिलं, ‘त्याला रागावायचा हक्क आहे. हेही लिहा.’ डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘कागदावर लिहू हे?’ त्यांनी एकदा पापणी मिटली. तर ते कागदावर आहे, रेआल. हॉस्पिटलच्या कागदावर, त्यांच्या रुग्णनंबराखाली.

गळ्याचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी, २९ तारखेला आहे. पहिली सही त्याच्या आधी हवी. आत्या म्हणते तू येणार नाहीस. बर्ट म्हणतो येशील. मी काहीच म्हणत नाही. तू नाही आलास तर डॉक्टरबाई म्हणतात दुसरा मार्ग काढता येईल, कोर्टाचा, त्याला वेळ लागतो. तेव्हा तू यावंस ते सहीसाठीच असं नाही.

घरी आल्यावर मी पापांना विचारलं, ‘तुमचं रेआलसाठीचं मी पाठवते ना, लिहा, मी छापून पाकिटात घालते.’ त्यांनी लिहिलं की छापील नको. समोर बसला तर सांगेन. म्हटलं, ‘मला सांगून ठेवा, राहून गेलं तर?’ माझ्याकडे असं बघितलं, बिंगोत कुणी खोटंच ‘जिंकलो’ म्हणून ओरडलं की बघायचे तसं.

हार्टफर्डहून बॉस्टन, बॉस्टनहून लुईस्टनची बस. बर्ट स्थानकावर येईल, मी गाडीत बसून राहीन, कारण तिथे गर्दी असते. तू आलास की त्यांच्या उजवीकडे बस, तिथून पडदा दिसतो. आणि काही आलं तरी, विनोद आला तरी, ते थांबेपर्यंत उठू नकोस. त्यांचा विनोद पहिल्या अर्ध्यात असतो.

ते ठरवायचं काम मी करणार आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही. रोज तो पाय माझ्या हातात असतो, त्यामुळे कळायचं तर मलाच कळेल, आणि कळलं की मी सांगेन, मोठ्याने, सगळे बोलत असले तरी. एवढं मला गुरुवारपासून माहीत झालंय. पण रेआल, ते सांगून झाल्यावर खोलीत जी शांतता होईल ना, तिच्यात मला एकटीला उभं राहायचं नाहीये.

सोमवारी पत्र टाकते. गुरुवारपर्यंत तुला मिळेल.

तुझी बहीण
ओदील